ढिगाऱ्यावरची टिटवी

चैत्र सरला की आमच्या घरी पाखरांच्या बातम्या यायच्या. चिकलठाण्याच्या पुढं माळाला लागून आमचं गाव. वडलांना सगळे तात्या म्हणत आणि पाऊसपाणी त्यांनाच विचारत. गावोगाव बांगड्या विकत फिरणारे एक चाचा होते. ओट्यावर टेकले की आईनं दिलेलं पाणी पिण्याआधीच सांगायचे, "तात्या, नवरंग आला बरं का, नाल्याकाठच्या आंब्याखाली. खुद्द डोळ्यानं बघितला." कुणी चातक पाहिलेला असे, कुणाच्या शिवारात माळढोक उतरलेला असे. तात्या सगळं कौतुकानं ऐकत, पण निकाल टिटवीचा. तिनं अंडी उंचावर घातली तर पाऊस उदंड, नाल्याच्या पात्रात घातली तर कोरडं साल. आणि जिथं ती बसेल तेवढा तुकडा पिल्लं निघेपर्यंत कुणी नांगरायचा नाही, असा गावचा कायदा होता.

निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका उन्हाळ्यात कारखान्यांसाठी माळ खणायला घेतला. मुरमाचे घराएवढे ढिगारे उभे राहिले. त्यातल्या एकाच्या डोक्यावर टिटवी बसलेली मी आणि तात्यांनी पाहिली. आम्हाला बघून ती जीव खाऊन ओरडत घिरट्या घालू लागली. तात्यांनी वहाणा काढून हात जोडले.

चावडीवर ते म्हणाले, "एवढ्या उंचावर घातलेली मी जन्मात बघितली नाय. पाऊस लई. धूळपेरणी करून घ्या."

तात्यांचा शब्द म्हणजे शब्द. सगळ्या गावानं कोरड्या मातीत बी टाकलं, आम्हीही टाकलं. रोहिणी कोरडी गेली, मृग कोरडा गेला. बी मुंग्यांनी नेलं, उरलेलं उन्हानं भाजलं.

मग गावाला तोंड फुटलं. इतकी वर्षं ज्यांनी तात्यांना विचारल्याशिवाय पेरणीची पाभर बाहेर काढली नव्हती, तेच आता म्हणू लागले की आम्हाला तर आधीच शंका होती. उचलली जीभ लावली टाळ्याला! पोरं आमच्या दारावरून टिटिव टिटिव करत पळायची आणि त्यांचे बाप दात काढायचे. मला त्या माणसांचा तेव्हा राग आला, तो आजही गेलेला नाही. चाचा येत राहिले, पण पाखरांचा विषय त्यांनी टाकला. तात्यांना गावाच्या हसण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

आर्द्रात आम्ही पुन्हा तिकडं गेलो. ढिगारा नव्हता, ट्रकांनी उचलून नेला होता. गावचा कायदा ट्रकवाल्यांना कोण सांगणार? तात्या त्या सपाट जागेवर बराच वेळ उभे राहिले.

"तिचा माळच खणला की गं," ते म्हणाले. "ती जाईल कुठं? जागा नव्हती म्हणून चढली वर. अन् मी येड्यावानी तिच्यात पाऊस बघत बसलो."

हे चावडीवर सांगा, असं मी किती विनवलं. ते गेले नाहीत. त्यानंतर टिटवी ओरडली तरी मान वर करून त्यांनी पाहिलं नाही. गाव आता पेरणीचं रेडिओला विचारू लागलं. रेडिओही चुकायचा, पण त्याच्या दारावरून पोरं ओरडत गेली नाहीत.

म्हातारपणी तात्या माझ्याकडं शहरात, उस्मानपुऱ्यात राहायला आले. एका वैशाखात आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं उरलेल्या खडीत टिटवीनं अंडी घातली. तात्यांना बरं वाटेल म्हणून मी धावत खाली येऊन सांगितलं.

ते खाटेवर उठून बसले. किती तरी वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी उत्सुकता आली आणि लगेच विझली.

"गावात कुणाला सांगू नको," ते म्हणाले. "परत पेरतील."

गावात आता प्लॉट पडले होते, पेरायला रान उरलंच नव्हतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. "नाही सांगत," एवढंच मी म्हणाले.