मुक्काम पोस्ट मंगल कार्यालय

घ्या, चहा घ्या. मीही घेते आता, मधे बंद होता, का ते पुढे येईलच. आणि हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या बाई, कारण मी ही फजिती सांगायला बसले की निम्म्यातच आमचे हे हसायला लागतात आणि गोष्ट तिथेच अडकते. आमच्या घणसोलीच्या सोसायटीत मी सोडून सगळ्यांनी ती सांगितली आहे. वॉचमननेसुद्धा. म्हटलं, एकदा मूळ गुन्हेगाराच्या तोंडून होऊन जाऊ दे.

दसरा झाला होता आणि दिवाळीला अवकाश होता. आमच्या अमेयच्या डोक्यात कॅरॅव्हॅन शिरली. म्हणजे चाकांवरचं घर हो! झोपायला बाकं, इवलासा ओटा, ओट्याखाली फ्रिज, मागे टीचभर मोरी. पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये टेम्पोची अशी घरं बनवतात, तिथून भाड्याने आणायची आणि कोकणात हिंडायचं. हॉटेल नाही, बुकिंग नाही, जिथे रात्र तिथे मुक्काम.

"जिथे रात्र तिथे मुक्काम" हे ऐकून मी सरळ नाहीच म्हणणार होते. पण हो म्हटलं, आणि त्याला कारण सायली.

सायली माझी सून. महाप्याला आयटीत आहे. गुणी, हसतमुख, नाव ठेवायला जागा नाही. आणि तीच तर माझी काळजी. लग्नाला वर्ष झालं, पण माझ्याशी बोलताना तिचं एकच वाक्य, "चालेल, आई." भाजी खारट झाली, चालेल. साबुदाण्याचा गोळा झाला, चालेल. मी न विचारता तिचं कपाट आवरलं, तरी चालेल. तिच्या भावाशी फोनवर काय कडाकडा भांडते! माझ्याशी एकदा तरी भांडावं की नाही? पाहुणीच भांडत नाही, घरचं माणूस भांडतं. चातुर्मासात कांदा-लसूण मी दरवर्षीच सोडते. यंदा मनाशी नेम धरला आणि चहासुद्धा सोडला. देवा, या पोरीला माझ्यापाशी मोकळं वाटू दे. चहा सोडलेल्या बाईची सकाळ कशी जाते ते तुम्हाला सांगायला नको.

तर मुक्कामाच्या जागा अमेय ॲपवर बघत होता. तळ्याकाठी तंबू, शेकोटी, गिटार वाजवणारी मुलं. तेवढ्यात सायली त्याला म्हणाली, "जागा आईंना निवडू दे ना. घर त्याच चालवतात, त्यांना बरोबर कळेल."

एवढा विश्वास! मला भरूनच आलं. आणि त्या क्षणापासून झोप उडाली.

मी ॲपवरचे अभिप्राय वाचायला घेतले. चांदण्यांबद्दल सगळ्यांनी लिहिलं होतं, बाथरूमच्या कडीबद्दल एकाने नाही. मग सरळ फोनच लावले. एक जण म्हणाला, मॅडम, आमच्याकडे एकदम शांतता. मी विचारलं, शांतता म्हणजे किती? हाक मारली तर कोणाला ऐकू येईल ना? तो अभिमानाने म्हणाला, अजिबात नाही. कटला. दुसऱ्याकडे बिबट्या दिसतो म्हणून लोक येतात. कटला. तिसऱ्याकडे रोज संध्याकाळी चिकन भाजतात, आणि मी चातुर्मासातली बाई. तोही कटला. निघायची वेळ जवळ आली आणि माझ्याकडे एक जागा नाही. सायलीने विचारलं की मी नुसती हसायची.

मग एका सकाळी पूजा करताना सुचलं. देवानेच सुचवलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. आता देवाला मधे ओढत नाही.

मला सांगा, मुक्कामाला काय लागतं? मोठं पटांगण, भिंतीचं कुंपण, गेट, दिवे, पाणी, बाथरूम, रखवालदार. हे सगळं एके ठिकाणी कुठे असतं? मंगल कार्यालयात! रोह्याच्या अलीकडे माझ्या भाचीचं लग्न झालं होतं, ते कार्यालय मला पाठ होतं. आणि चातुर्मासात ते रिकामंच असणार. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांची लग्नं लागतात का कुठे? चाळीस वर्षं पंचांग बघणारी बाई मी. मला कोण शिकवणार!

मॅनेजरला फोन लावला. म्हटलं, आमची मोठी गाडी आहे, आतच सगळी सोय आहे, आम्ही चौघं. गुरुवारी संध्याकाळी येऊ, वीज-पाणी लागेल, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघू. तर तो म्हणाला, या की ताई, तुमचीच वाट बघतोय. किती अदबीचा माणूस! मी विचारलं, साप निघतात का? नाही. कुत्री? बांधलेली असतात. पाणी गोडं की खारं? गोडं. बाथरूमला आतून कडी आहे ना? आहे. भाड्याचा विषय काढला तर म्हणाला, ते तुम्ही कशाला बघता. मला वाटलं, माझ्या भावाची ओळख कामी आली.

सगळं विचारलं हो मी. फक्त "त्या दिवशी तुमच्याकडे काही कार्य आहे का" एवढं सोडून. चातुर्मासात ते काय विचारायचं?

निघायच्या सकाळी अमेयने गाडी सोसायटीच्या गेटशी उभी केली. मी देव डब्यात भरून खाली येते तर गाडीपाशी ज्येष्ठ नागरिकांची रांग. कोणी म्हणे रक्तदान, कोणी म्हणे डोळे तपासणी. बी विंगचे आजोबा तर साखर तपासायला उपाशीपोटी आले होते, त्यांना मी गाडीतच बसवून पोहे खायला घातले. ही गाडी बघून माणसांना भलतंच काहीतरी वाटतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं चित्त बाथरूमच्या कडीत.

वाटभर काळजी. देवांचा डबा मांडीवर, आणि प्रत्येक वळणाला वाटे, सायलीला जागा आवडेल ना? कुठे जातोय ते मी सांगितलंच नव्हतं. तिने दोनदा विचारलं आणि मग म्हणाली, चालेल, आई.

दिवेलागणीला पोचलो. मॅनेजरने मागच्या गेटने आत घेतलं. आंब्याच्या झाडाखाली गाडी लावून दिली, वीज जोडून दिली. एका बाजूला झेंडूच्या माळांचा ढीग होता, मला वाटलं दसऱ्याच्या राहिल्या असतील. सायली खाली उतरली, हात पसरून गोल फिरली आणि म्हणाली, "आई, किती सेफ वाटतंय इथे!" माझं पोट तेवढ्यानेच भरलं. बाथरूमला कडी होती, पण बाहेरून. तेवढं एक मी मनात ठेवलं.

जाताना मॅनेजर विचारून गेला, सकाळी कधी चालू करणार? मला वाटलं पाण्याच्या मोटारीचं विचारतोय. म्हटलं, सहाला. माझी पूजा असते.

सकाळी सहाला ओट्यावर देव मांडले, उदबत्ती लावली, घंटा वाजवली, तोच दारावर थाप. उघडते तर समोर नवरी! हातभर मेंदी, हळदीने पिवळी झालेली साडी, ओले केस. मागे चार-पाच बायका आणि सगळ्यांच्या पुढे तिची मावशी.

मावशी म्हणाली, "आनली गो बाय आमची पोर. तुमीच बोल्ला ना, सहाला चालू करनार म्हनून?"

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय विचार केला असता? मी काहीच केला नाही. माझं डोकं चालायच्या आधी हात चालतात. शुक्रवार, देवापुढे दिवा, दारात हळदीची नवरी, म्हणजे साक्षात लक्ष्मीच! घंटा ऐकून दर्शनाला आली असेल. मी तिला आत घेतलं, हळदकुंकू लावलं आणि पूजेचा नारळ नि मूठभर तांदूळ घालून तिची ओटी भरली. मावशीचे डोळे पाणावले. म्हणाली, "मागच्या लग्नाला मेकपवाली आनलेली, तिने साधं कुंकू पन नाय लावलं. तुमचं काम बेस हाय." आणि मग म्हणाली, "आता हिच्या तोंडाला कवा लावनार?"

"काय लावणार?"

"मेकप!"

घंटा माझ्या हातातच राहिली.

तेवढ्यात बाहेरून हे आणि अमेय आले, दोघांच्या तोंडात ब्रश, अंगावर अर्ध्या चड्ड्या. त्यांच्यामागे मॅनेजर, घाम पुसत. मग उलगडलं ते असं. मुलीकडच्यांनी मुंबईहून मेकअपची गाडी सांगितली होती. माझा फोन आला तेव्हा मॅनेजरला वाटलं, हीच ती. काल संध्याकाळी खऱ्या मेकअपवालीने वाटेतून रस्ता विचारायला फोन केला, तर याने तिला ऐकवलं की मेकअपवाल्या केव्हाच आल्या, गाडी लावून चहासुद्धा झाला. ती चिडून पेणहून मागे फिरली, आणि आता फोन उचलत नव्हती.

म्हणजे माझ्यामुळे एका नवरीला सजवायला कोणी नाही! आणि मुहूर्त सकाळचाच. नवरीचे डोळे भरले. मावशी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी देवांकडे बघितलं, देव माझ्याकडे.

मागच्या बाकावरून सायली उठली. केस विस्कटलेले, नाइट ड्रेस. तिने सगळं ऐकलं होतं. मला त्या वेळी मॅनेजरची नाही, मावशीची नाही, तिची भीती वाटली. आता ही शहाण्यासारखी "चालेल, आई" म्हणणार, आणि मी आयुष्यभर पाहुणीचीच सासू राहणार.

सायलीने केस वर बांधले.

"आई, ती घंटा खाली ठेवा आणि मला पिना द्या."

हुकूम! वर्षात पहिला. मी घंटा ठेवली, पिना दिल्या.

मग काय विचारता! देव वरच्या फळीवर गेले आणि ओट्यावर सायलीची मेकअपची पेटी आली. तिने चेहरा घेतला, मी नऊवारी घेतली. गाडीत उभं राहायला जागा नाही, म्हणून नवरीला मोरीच्या दारात उभी केली आणि मी गुडघ्यांवर बसून निऱ्या काढल्या. मावशी बाहेरून खिडकीत तोंड घालून सूचना देत होती. खोपा घालताना मी गजरा सरळ लावला, सायलीने काढला. मी परत लावला, तिने परत काढला.

"आई, असा गजरा आता कोणी लावत नाही."

"माझ्या लग्नात असाच होता."

"तुमच्या लग्नाचे फोटो बघितलेत मी. म्हणून तर सांगतेय!"

बायका फिदीफिदी हसल्या, नवरीपण हसली. आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सायली घाबरली, तिला वाटलं मी दुखावले. मी म्हटलं, पावडर गेली गं डोळ्यात. आता तिला काय सांगू, की बाई, याच भांडणासाठी मी चहा सोडलाय?

नवरी अशी दिसत होती की मावशीने कानशिलावर बोटं मोडली. खरी मेकअपवाली नंतर आली, मॅनेजरने हातापाया पडून बोलावली होती. तिने सायलीचं काम बघितलं, एकदा मान डोलावली आणि वरमाईकडे वळली. बाहेर आमच्या पुरुषांचं निराळंच चाललं होतं. ह्यांना मुलीकडच्यांनी पायजमा दिला, फेटा बांधला, आणि कोणाचा तरी काका समजून नवरदेवाच्या काकांशी गळाभेटही घडवली. हे म्हणाले, नाही कसं म्हणणार, त्यांनी नारळ हातात दिला.

अक्षता पडल्यावर मी भटजींना गाठलं. म्हटलं, चूक माझी आहेच, पण गुरुजी, चातुर्मासात लग्न लावता? ते शांतपणे म्हणाले, "काढीव मुहूर्त आहे, काकू, अडीअडचणीला चातुर्मासात धरतात तसले. लग्नाच्या मुहूर्तांचं पान झालं की पुढच्याच पानावर असतात." चाळीस वर्षं पंचांग बघतेय मी. ते पान कधी उलटलंच नव्हतं.

वरमाईने आग्रहाने चहा आणला. सायली म्हणाली, घ्या ना आई, आज देव काही म्हणायचा नाही. पण मागितलं ते मिळालं म्हणून नेम मोडायचा नसतो. मी तो कप तिला दिला. कार्तिकी एकादशी झाली, पारणं झालं, म्हणून आज तुमच्याबरोबर घेतेय.

दुपारी गाडी निघाली. अमेय म्हणाला, पुढचे मुक्काम मी बघतो. सायली म्हणाली, नाही, आईच बघतील, पण फोन माझ्यासमोर करतील. तोच माझा मोबाइल वाजला. तोच मॅनेजर. सायलीने स्पीकर चालू केला. तो म्हणाला, ताई, तुळशीच्या लग्नानंतर आमच्या सगळ्या तारखा भरल्यात, आणि आजची नवरी बघून चार जणांनी विचारलंय. तुमची गाडी आणि तुम्ही दोघी मोकळ्या आहात का?

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मला सांगायचं होतं, अहो दादा, ही गाडी आमची नाही, आम्ही मेकअपवाल्या नाही, आम्ही साधी फिरायला निघालेली माणसं. अगदी ओठावर आलं होतं.

आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"ते बघू हो, पण तोवर बाथरूमला आतून कडी बसवाल ना?"