तुम्ही फार लांब आहात

नमस्कार मंडळी. या धाग्यावर मी बरीच वर्षं नुसती वाचक आहे. खरं सांगायचं तर वाचकही नाही, हसणारी. मी लातूरला अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. कोणी भुताखेताचं सांगायला लागलं की माझे प्रश्न ठरलेले — तेव्हा लाईट होती का? ताप होता का? जेवून किती वेळ झाला होता? इथल्या दोन-तीन अनुभवांवर मी तिरकस प्रतिसादही दिलेत... जुने सभासद ओळखतील.

आता माझी पाळी आहे, तेव्हा खुशाल हसा. फक्त एक आधीच सांगून टाकते, नाहीतर उगाच जीव टांगणीला लागेल — ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या ठणठणीत आहेत. ही पोस्ट त्यांनी वाचली आहे आणि शुद्धलेखनही त्यांनीच तपासून दिलं आहे.

तर, गेमबद्दल थोडं सांगावं लागेल.

मी मूळची नांदेडची. कॉलेजला असताना आमचा एक ग्रुप सायबर कॅफेत जाऊन एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळायचा. नाव मुद्दाम देत नाही, कारण मुद्दा राहील बाजूला आणि लोक लिंक मागत बसतील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — एक मोठं काल्पनिक जग असतं, त्यात आपलं एक पात्र असतं, कोणी योद्धा, कोणी शिकारी, कोणी वैद्य. आणि त्याच वेळी जगभरातली बाकीची माणसंही त्याच रस्त्यांवरून, त्याच गावांतून आपापली पात्रं घेऊन फिरत असतात.

पुढं कंपनीनं नव्या नव्या आवृत्त्या काढल्या. चकचकीत ग्राफिक्स, कुठं जायचं ते दाखवणारा बाण, बटण दाबलं की पात्र आपलं आपण चालत जातं. जुनी आवृत्ती बंद झाली. पण काही हौशी लोकांनी ती स्वतःच्या सर्व्हरवर पुन्हा उभी केली, आणि आमच्यासारखी जुनी खोडं तिथं परत गेली. संसार झाला, नोकऱ्या झाल्या, तरी रविवारी दुपारी आम्ही तिथंच.

माझे मिस्टर, श्रीकांत, नेहमी विचारतात — "एवढं काय आहे गं त्या डब्बा गेममध्ये? चित्रं तर धड दिसत नाहीत."

खरंय. पण त्या गेममध्ये काहीच सोपं नाही, हेच तर त्यातलं सुख. बाण नाही, म्हणून रस्ता माणसांना विचारावा लागतो. चालायला वेळ लागतो, म्हणून चालता चालता गप्पा होतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट — लढाईत तुम्ही पडलात की पडूनच राहता. स्वतःचं स्वतः उठता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी तुमच्यापर्यंत चालत यायचं, शेजारी गुडघे टेकून बसायचं आणि उठवायचं. "पुलाजवळ पडलोय, कोणी आहे का?" असं टाकलं की कुठून तरी उत्तर येतं, "थांब, आलो." नव्या आवृत्तीत एक बटण दाबलं की तुम्ही एकटेच ताडकन उभे. तिथं कोणाला कोणाची गरजच नाही. मला ते जमलं नाही.

आमच्यात सगळ्यात जास्त माणसं उठवली असतील ती बाईंनी.

बाई म्हणजे कांबळे बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, नांदेडला तरोडा भागात एकट्या राहतात. मुलगा अनिकेत आमच्याच कॉलेजच्या ग्रुपमधला, आता कॅनडात. जाण्यापूर्वी आईचा वेळ जावा म्हणून त्यानं हा गेम लावून दिला, आणि बाई अशा रमल्या की आता त्याचाच फोन आला तर म्हणतात, "थोड्या वेळानं कर, एक पोरगं जंगलात पडलंय." त्यांचं पात्र वैद्याचं, नाव मोरपंख. नवखं कोणी कुठंही पडू दे, बाई आपली झोळी घेऊन निघाल्याच. वर दोन शब्द ऐकवणार. "'हम्म' हे उत्तर नसतं. पूर्ण वाक्य लिही."

अनिकेतनं त्यांना नवी आवृत्तीही घेऊन दिली होती. दोन दिवस खेळल्या आणि म्हणाल्या, "तिथं वैद्याला कामच नाही रे. मी काय नुसती सुंदर दिसायला फिरू?"

आता मूळ गोष्ट.

उन्हाळ्यातला रविवार. क्लासची टेस्ट दुपारी आटोपली, जेवणं झाली, श्रीकांत कूलरसमोर पेपर वाचत पडलेले. मी कॉम्प्युटर लावला. गेममध्ये शिरलं की आपण एका गावात उभे राहतो. मधोमध विहीर, बाजूला चार घरं. हे गाव सुरक्षित आहे. म्हणजे तिथं राक्षस येत नाहीत, मारामारी होत नाही, तिथं कोणी पडूच शकत नाही. गेमचा नियमच आहे तसा.

आणि विहिरीजवळ मोरपंख पडलेली होती.

मला आधी हसूच आलं. म्हटलं, बाईंनी काहीतरी नवीन शोधलेलं दिसतंय. मी लिहिलं — "बाई, हे काय, उन्हाचं अंगणात झोपलात?" उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. बाईंकडून उत्तर नाही असं कधी होत नाही... त्या जेवायला उठल्या तरी 'जेवून येते' असं लिहून जातात.

मग मी माझं पात्र त्यांच्या अगदी शेजारी नेलं आणि उठवायची कमांड दिली. माझं पात्र गुडघ्यावर बसलं. आणि खाली मेसेज आला —

"तुम्ही फार लांब आहात."

हा मेसेज गेममधलाच आहे. आपण पडलेल्या माणसापासून चार पावलं दूर असलो की येतो. पण मी दूर नव्हते. माझ्या पात्राचा गुडघा त्यांच्या हाताला लागत होता. मी पुन्हा कमांड दिली. पुन्हा तेच. परत दिली. परत तेच... तुम्ही फार लांब आहात.

मी लातूरला, बाई नांदेडला. लांब तर होतेच की.

मोबाईलवर स्क्रीनचा एक फोटो काढला आणि बाईंना फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. परत लावला. परत तसंच. मग इम्रानला लावला. इम्रान आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधला, नांदेडलाच वजिराबादला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

"इम्रान, बाई गेममध्ये पडल्यात आणि फोन उचलेनात."

"कुठं पडल्यात?"

"गावात. विहिरीजवळ."

"गावात कोण पडतंय? अन् बाई गेममध्ये कशा असतील? काय बोलून राहिलीस तू?"

"अरे, समोर दिसताहेत मला!"

"सुवर्णा, ऐक. बाईंचा सीपीयू माझ्या दुकानात हाय. शुक्रवारी आणून टाकलाय त्यांनी. पॉवर सप्लाय उडालाय, उघडून ठेवलाय मी, आत्ता माझ्या टेबलावर हाय. मोबाईलवर हा गेम चालत न्हाई. मग त्या लॉगिन कुठून करतील?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. मोरपंख तिथंच होती. हिरवी झोळी बाजूला पडलेली.

"कोणीतरी पासवर्ड चोरला असंल," इम्रान म्हणाला.

"असेल. पण त्या फोन का उचलत नाहीत? दुपारच्या कधी झोपत नाहीत त्या. तू जाऊन ये ना एकदा."

"आत्ता? ऊन बघ की बाहेर."

"इम्रान."

"हाव, हाव. निघालो."

पुढचं मी त्याच्या तोंडून ऐकलंय, ते तसंच सांगते. गेटला कडी, आतून दार बंद. बेल वाजवली, हाका मारल्या. शेजारच्या स्वामी काकू बाहेर आल्या, म्हणाल्या सकाळी अंगण झाडताना दिसल्या होत्या. हा मागच्या बाजूला गेला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत डोकावला, तर ओट्यापाशी फरशीवर पाय दिसले. मागच्या दाराची कडी खिळखिळी होती म्हणून बरं, दोन धक्क्यांत निघाली.

बाई बेशुद्ध. अंग घामानं चिंब आणि थंडगार. बाईंना शुगर आहे. स्वामी काकूंच्या सुनेनं ओळखलं की शुगर उतरलेली दिसतेय. सगळ्यांनी मिळून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. नंतर कळलं ते असं — दुपारी जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं, पोळी टाकायला उभ्या राहिल्या आणि खायच्या आतच चक्कर आली.

इकडं लातूरला मी फोन हातात धरून बसलेली. श्रीकांतनी विचारलं, "कोण बाई? तू भेटलीयस तरी का त्यांना?" एकदाच भेटले होते, अनिकेतच्या निरोपाच्या जेवणाला. पण तेव्हा मला रडूच फुटलं. श्रीकांत उठले आणि गाडीची किल्ली घेऊन आले. एवढ्या वर्षांत या गेमवर टोमणे मारलेला माणूस, पण त्या दिवशी एक शब्द नाही.

नांदेडच्या वाटेवर, लोह्याच्या थोडं अलीकडं इम्रानचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"डोळे उघडले बाईंनी," तो म्हणाला. "मला म्हणल्या, 'इम्रान, चप्पल बाहेर काढलीस का?' दवाखान्यात, सुवर्णा! सलाईन लावलीय अन् चप्पल इचारून राहिल्यात!"

श्रीकांतनी गाडी कडेला घेतली. आम्ही दोघं किती तरी वेळ हसत होतो. असलं हलकं मला बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, अजून उशीर झाला असता तर मेंदूवर परिणाम झाला असता. "कोणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं. इम्राननं माझ्याकडं बोट दाखवलं. मी म्हटलं, "फोन उचलला नाही म्हणून..." दुसरं काय सांगणार?

बाहेर बाकड्यावर बसल्यावर मी त्याला तो मोबाईलवर काढलेला फोटो दाखवायला काढला. म्हटलं, बघ, कोण लॉगिन करून बसलंय ते आता शोधूच.

फोटोत विहीर होती. माझं पात्र गुडघ्यावर बसलेलं होतं. खाली तो मेसेजही होता. समोरची जमीन मात्र रिकामी होती.

इम्राननं फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. मग मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "चहा आणतो."

आता माझ्यातली केमिस्ट्रीची बाई गप्प बसणार नव्हती. आमचा सर्व्हर सांभाळणारा पुण्याचा एक जण आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, शुक्रवारनंतर मोरपंख लॉगिन झालेलीच नाही. म्हटलं, मग मलाच भास झाला असणार, विषय संपला. तर म्हणाला, "तसं म्हणता येत नाही मॅडम. समोर कोणी पडलेलं असल्याशिवाय तुमचं पात्र गुडघ्यावर बसूच शकत नाही. जुन्या आवृत्तीत नुसतं बसायची सोयच नाही." मी स्वतः करून पाहिलं. त्याच विहिरीजवळ, पुन्हा पुन्हा. नाही बसत.

बाईंना मी हे सगळं पुष्कळ दिवसांनी सांगितलं. पण त्याआधीच, दवाखान्यात दुसऱ्या दिवशी, मी त्यांना मोसंबी सोलून देत होते तेव्हा त्या आपल्या आपण म्हणाल्या होत्या —

"पडल्यावर मला फार काही आठवत नाही बघ. पण भीती वाटली नाही. कोणीतरी शेजारी बसलंय असं सारखं वाटत होतं. त्याला मला उठवता येत नव्हतं... पण ते जात पण नव्हतं."

मी मान खाली घालून मोसंबी सोलत राहिले.

माझ्याकडं याचं उत्तर नाही. मनाचा खेळ म्हणावा तर तो फोटो आहे. गेममधली गडबड म्हणावी तर ती नेमकी त्याच दुपारी, त्याच माणसाची का व्हावी? इथं कोणी कॉम्प्युटरवाले असतील तर जरूर सांगा, मी मनापासून ऐकेन. पण उत्तर नाही म्हणून झोप उडाली असं काही झालेलं नाही. उलट आता छान झोप लागते.

काही गोष्टी मात्र बदलल्या. आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाकडं आता प्रत्येकाचा पत्ता आहे आणि एका शेजाऱ्याचा नंबरही. अनिकेत रोज फोन करतो आणि बाई रोज त्याच्यावर वैतागतात. इम्राननं त्यांचा सीपीयू दुरुस्त करून दिला, त्यांच्या मागच्या दाराला नवी कडीही स्वतः बसवली.

गेल्या महिन्यात आम्ही सगळे पहिल्यांदा बाईंच्या घरी जमलो. किनवटहून एक मास्तर आले होते, उदगीरहून कापड दुकानवाले नवरा-बायको. इतकी वर्षं ज्यांच्याशी बोललो त्यांचे चेहरे तेव्हा पाहिले. सुरुवातीला सगळे जरा अवघडून बसले होते, गेममध्ये भांडणारी माणसं एकमेकांना अहो-जाहो करत होती. बाई म्हणाल्या, "थांबा, चहा टाकते." मी उठायला लागले, तर त्यांनी हातानंच बसवलं मला.

मग त्या गुडघ्यावर हात ठेवून, जरा कण्हत, कोणाचा आधार न घेता उठल्या आणि आत गेल्या. आम्ही सगळेजण त्यांच्याकडंच बघत होतो. आतून भांड्याचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा, मग बाईंचा — "साखर कोणाला कमी? पूर्ण वाक्यात सांगा."