घण कोणी मारला

पोलादपूरवरनं निघाले तवा पोरगा बोलला, "आये, तिकडं थंडी लय." थंडीला कोण भितंय. नात मयुरी ऑस्ट्रियात नोकरीला हाय, तिनं तिकीट पाठवलं म्हणून गेले. विमानात कमरेचा पट्टा सुटंना. कोणाला सांगायचं? उतरंपर्यंत तशीच बसले.

तिकडचे डोंगर आपल्या आंबेनळी घाटासारखेच, फकस्त वर बर्फ. पाव काळा न् आंबट. भुकेला चालला.

दुसऱ्या दिवशी मयुरी न् तिची गोरी मैत्रीण मला एका जुन्या कारखानदाराच्या घरी घेऊन गेल्या. आता तिथं तिकीट काढून लोकं बघायला जातात. त्यानं म्हणं पहिल्यांदा नदीकाठी भट्टी घातली, पाण्याच्या चाकावर घण (मोठा हातोडा) चालवला, त्याचे विळे देशोदेशी गेले. खोलीखोलीत तोच. त्याची खुर्ची, त्याचा चष्मा, त्याची तसबीर. तसबिरीत हातोड्याचा दांडा पार लोखंडाजवळ धरलेला, काठीसारखा. असा धरून एक खिळा ठोकून दाखव म्हणावं.

"घणाखाली लोखंड कोण धरायचं? कोळसा कोण वाहायचा? नावं इचार गो."

मयुरीनं तिथल्या बाईला इचारलं. "नावं नाय ठेवलेली, आजी."

"चष्मा ठेवला."

तेवढ्यात मैत्रीण माझ्याकडं बघून काय तरी आदबीनं बोलली. मयुरी खाली बघाय लागली. "ती बोलते, तुमचा पण लोखंडाचा कारखाना व्हता ना."

"कोणी सांगितलं?"

"मीच."

कारखाना. रस्त्याकडंला पत्र्याखाली ऐरण. आमचा म्हातारा, मयुरीचा आजा, सांडशीत लोखंड धरायचा, घण मी मारायचे. हिचा बाप पोटात व्हता तवा पण.

"खरं सांग तिला."

"आजी, इथं नको."

खाली अंगणात एक माणूस लोकांना लोखंड ठोकून दाखवत व्हता. मी सरळ गेले, त्याचा घण उचलला. लोकं हसली. तो नाय हसला. त्यानं तापला तुकडा ऐरणीवर धरला, हातोडीनं टक् करून जागा दाखवली, आमचा म्हातारा दाखवायचा तशी. मी तिथंच मारला. त्यानं तुकडा फिरवला, परत टक्. सात घाव घातले. मग खांदा भरून आला, घण खाली ठेवला.

मैत्रीण मयुरीकडं बघत ऱ्हायली. मग मयुरीला खरं सांगावंच लागलं. लय वेळ बोलली. मैत्रिणीनं माझा हात उलटा करून बघितला.

घरी आले त्याला महिना झाला. काल मयुरीचा फोन आला. "आजी, अजून राग हाय?"

"हाय. आजोबाला कारखानदार केलंस, तवा मला त्या नाव नसलेल्यांत टाकलंस."

मी फोन ठेवला नाय. बोलू दे तिला.