आबांचं बियाणं

आबांच्या गोष्टी सांगायला बसलं की एक संपेपर्यंत दुसरी दारात उभी! आबा कर्जतकडचे कोरडवाहू शेतकरी. दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास निवडून आले आणि मुंबईच्या असेंब्लीत गेले. मी त्यांचे अर्ज लिहायचो. आयुष्यात एवढं चांगलं काम मला पुन्हा मिळालं नाही.

*

आमदार झाले तरी आबांचं ऑफिस म्हणजे गोठा. भेटायला येणाऱ्यानं कडब्याची पेंढी धरायची, आबा ती तोडता तोडता ऐकणार. एकदा मामलेदार आले. त्यांनाही पेंढी धरावी लागली, कोट-टायसकट! निघताना आबा म्हणाले, "साहेब, हात बसलाय तुमचा. उद्या पन या."

*

तेव्हा लेव्ही होती. सरकार ठरवेल तेवढी ज्वारी प्रत्येकानं घालायचीच. आमच्या गावातल्या सरूबाईची चार एकर जमीन. पेरणीसाठी निवडलेली कणसं तिनं आढ्याला टांगली होती. लेव्हीचा इन्स्पेक्टर म्हणाला, तीही खाली काढा.

सरूबाईनं शांतपणे विचारलं, "मंग पेरू काय साहेब, तुमची वही?"

हे कानावर आलं तसं आबांनी मला लेखणी ठेवायला सांगितली. म्हणाले, याचा अर्ज नको, हे असेंब्लीतच बोलतो. छोट्या घरांचं बियाणं वाचलं नाही तर पुढच्या साली अर्धा तालुका पडीक राहणार होता.

*

असेंब्लीत बडे बडे वकील इंग्रजीत बोलत. आबा मराठीत उठले. एका सदस्यानं विचारलं, खायची ज्वारी कुठली आणि बियाण्याची कुठली, हे ओळखायचं कसं?

आबा म्हणाले, "घरातल्या बाईला इचारा. ती उपाशी निजंल, पन त्याला हात लावायची न्हाई."

मी वर गॅलरीत बसलो होतो. तिथंच लेखणी काढून मी ते वाक्य उतरवून घेतलं.

*

पण बियाणं सोडायचा हुकूम निघायला महिने गेले. तोवर आबांची स्वतःची लेव्ही कमी भरली. आबांचं राहू द्या, असं मामलेदार आपण होऊन म्हणाले. आबांनी ऐकलं नाही. स्वतःच्या आढ्याची कणसं काढून लेव्हीत घातली.

वहिनी, म्हणजे आबांच्या मंडळी, एवढंच म्हणाल्या, "समद्या तालुक्याचं बी राखा. आपुन भाषन पेरू."

*

अखेर हुकूम निघाला. लहान शेतकऱ्याचं बियाणं लेव्हीतून सुटलं! पेरणीच्या दिवसांत आबांचं वावर तेवढं रिकामं होतं. एका सकाळी सरूबाई ओटीत बियाणं घेऊन आली. तिच्यामागून साऱ्या गावच्या बाया. कुणाची मालदांडी ज्वारी, कुणाची दगडी, कुणाची पिवळी. सगळ्यांनी मूठ-मूठ एकाच पाटीत ओतली. वेगवेगळं बियाणं कुणी एकत्र करतं का! पण भरल्या डोळ्यांना ते सुचायचं कसं? वहिनी निवडायला बसल्या, तर आबांनी पाटी उचलली आणि तसंच पेरलं.

पौषात शेतकी खात्याचे साहेब आले. वावरात ज्वारीचं एक ताट कमरेएवढं, दुसरं डोक्यावर. एक कणीस गच्च, शेजारचं मोकळं. साहेब कळवळून म्हणाले, "आबा, आमदार असून असलं भेसळ बियाणं पेरलंत?"

आबांनी वावरावरून नजर फिरवली. म्हणाले, "भेसळ न्हाई साहेब. मतदारसंघ हाय."