खाकी कागदाखालची बाई

लातूर जिल्हा नवीन झाला तेव्हा मी मुखेडहून येऊन तिथल्या एका वाचनालयात नोकरीला लागलो होतो. पावसाने दगा दिला होता आणि दारं लावली तरी धूळ आत यायची. पुस्तकं खराब होतात म्हणून मी महिनाभर खपून सगळ्या पुस्तकांवर खाकी कागद चढवला, पाठीवर नंबर टाकले. एकसारख्या रांगा पाहून मला फार बरं वाटायचं.

त्यानंतर पुस्तकं नेणारे कमी झाले. लोक कपाटासमोर उभे राहत, एखादं काढून परत ठेवत आणि पेपर चाळून निघून जात. टँकरच्या रांगेमुळे कुणाला सवड नसेल, असं मी धरून चाललो.

एका दुपारी वाचनालयात एक बाई आली, जवळच्या कचेरीत पाणी भरणारी. ती प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेली. टेबलाशी कॉलेजचे दोन प्राध्यापक बसले होते आणि माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे होतं. तिने मागचंच पुस्तक पुन्हा मागितलं. मी नाव विचारलं.

"नाव न्हाई ध्यानात, साहेब. वर पाठमोरी बाई हाय, हातात कंदील घेतलेली."

"बाई, इथं पुस्तकं वाचायला देतात, चित्रं बघायला नाही," मी म्हणालो. प्राध्यापक हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो. ती कपाटाकडे बघत राहिली, मग पदर सावरून गेली.

संध्याकाळी मला राहवेना. एकेक कागद सोडवत गेलो तेव्हा ते पुस्तक सापडलं. अंधारात चाललेली एक बाई, तिचा चेहरा दिसत नाही, पुढे वाट थोडीच उजळलेली. ती कुठे निघाली असेल, असं बघताक्षणी मनात आलं. आतल्या कार्डावर त्या बाईचा सभासद नंबर तीनदा होता. अडखळत वाचायला तिला तेवढा वेळ लागत असणार. चौथ्यांदा आली तेव्हा मी तिला घालवून दिलं होतं.

आठवडाभरात सगळे कागद काढले. लोक पुन्हा पुस्तकं हातात घेऊन बघू लागले. ती मात्र आली नाही. तिच्या कचेरीवरून मी दोनदा सायकल नेली, आत जायचा धीर झाला नाही.

पुढे औशाच्या बसमध्ये ती भेटली. तिनेच ओळख दिली. माफी मागायची म्हणून मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तिनेच विचारलं, "साहेब, ती कंदीलवाली बाई शेवटी घरी परत गेली का हो? माझी थोडीच पानं ऱ्हायली होती."

मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं. तसं तिला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. औसा येईपर्यंत मी मान वर केली नाही.