बाळूच्या डाव्या हातातली मोटर

आधीच सांगते, मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. अंगात येणं, उतारा, नजर, करणी... असलं काही कुणी माझ्यापुढे काढलं की मी त्याची बिनपाण्याने हजामत करते, हे आमच्या अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे. इथे लोक टाकतात ते अनुभवसुद्धा मी करमणूक म्हणून वाचत आले, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसले. तेव्हा आज तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

बाळू म्हणजे माझा धाकटा भाऊ, बालाजी. किल्लारीत त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी लोक त्याच्याकडे टाकायचे. सव्वीस वर्षांचा असताना पायाला सूज आली, उलट्या सुरू झाल्या. लातूरला दाखवलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. ना शुगर, ना काही. नुसतं बीपी, जे कुणी कधी मोजलंच नव्हतं! लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं. वडील आधीच गेलेले, मायला शुगर म्हणून तिची किडनी चालेना, माझी जुळेना. राहिलं डायलिसिस... आठवड्याला तीनदा, चार-चार तास.

लातूरच्या डॉक्टरांनी त्याच्या डाव्या मनगटाजवळ फिस्टुला केला. म्हणजे एक रोहिणी आणि एक शीर ऑपरेशन करून एकमेकींना जोडतात. शीर फुगते, मग तिच्यात सुया टोचून रक्त मशीनला न्यायचं. चांगला फिस्टुला हाताला कळतो. बोटं ठेवली की आत सारखी घरघर लागते, न थांबता. डॉक्टरांनी बजावलं होतं — रोज सकाळी हात लावून बघायचं, घरघर थांबली तर तडक इकडे यायचं.

बाळूनं पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ठेवलं, मोटर. "सिंगल फेज हाय ताई, पण लोड चांगला ओढायलीय." मग तो घरचा रिवाजच झाला. माय उठली की चूळ भरायच्या आधी बाळूच्या मनगटावर हात ठेवायची. "चालू हाय," म्हणायची, मगच चहाचं आधण. मी नांदेडहून सुट्टीला गेले की मीही हात लावायची. असं तीन वर्षं चाललं.

एकदा मशीनवर असतानाच त्याचं बीपी धाडकन खाली गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माय त्याच्या मनगटावर हात ठेवून बसली ती बसलीच, घरघर लागेना. लातूरला नेलं. आत गुठळी झाली होती, उघडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. उजव्या हातात नवा फिस्टुला केला, तो महिन्याभरात बंद. मग मानेतून कॅथेटर. मानेच्या शिरेतून पार हृदयापर्यंत नळी, आणि कातडीखालून फिरवून छातीवर बाहेर काढलेली तिची दोन तोंडं, एक लाल, एक निळं.

"हे तात्पुरतं समजा," डॉक्टर म्हणाले होते. "नवा फिस्टुला होईपर्यंत." तो झालाच नाही. करायला धड शीर राहिली नव्हती. पहिली नळी चोंदली. दुसरी डावीकडून घातली, तिला इन्फेक्शन झालं. तिसरी पुन्हा उजवीकडून, ती चौदा महिने चालली. तोवर मी दोघांना नांदेडला माझ्याकडे आणलं होतं, किल्लारीहून जीपनं धक्के खात जाणं त्याला झेपत नव्हतं.

नळी घेऊन जगणं काय असतं ते लांबून कळत नाही हो. आंघोळ नाही, नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं. गळ्यातून घालायचा बनियन बंद. उजव्या कुशीवर झोपायचं नाही. शिंक आली तरी हात आधी छातीवर. बाळू चेष्टा करायचा, "माझ्या छातीला नगरपालिकेनं कनेक्शन दिलंय, पाणी तेवढं सोडंनात." माय हसायची नाही. आणि ती अजूनही रोज सकाळी त्याच्या डाव्या मनगटाला हात लावायची! बंद पडलेल्या. मी एकदा ओरडले तर म्हणाली, "सवय हाय गं. ऱ्हाऊ दे की."

नांदेडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. "ही गेली तर पुढची नळी मांडीत. ती गेली तर माझ्याकडे जागा नाही." त्या दिवसापासून आमच्या घरात एकच गोष्ट जपायची होती, बाळूच्या छातीवरची ती वीतभर नळी.

आता जे सांगते ते सांगायची लाज वाटते. नळीवाल्या पेशंटला थंडी-ताप आला की लगेच सांगा, असं डायलिसिस युनिटमध्ये प्रत्येकाला सांगतात. रक्त तपासायला पाठवतात, इंजेक्शनं सुरू करतात आणि गरज पडली तर नळी काढतात. पण आमच्या सकाळच्या शिफ्टच्या पेशंटांनी यातलं शेवटचं तेवढंच उचललं होतं, ताप सांगितला की नळी काढतात. त्यामुळे बाहेरच्या बाकड्यावर बसून गुपचूप पॅरासिटामॉल घेणं चालायचं. देगलूरच्या एक मावशी तर नव्या पेशंटला शिकवायच्या, "घरून निघताना एक गोळी घेत जा बाबा, म्हंजे थर्मामीटर गप बसतं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मावशींवर केवढी तडकले होते! जंतू रक्तात असतात, गोळीनं मरत नाहीत, वगैरे. आणि सहा महिन्यांनी त्याच गोळ्यांची पट्टी माझ्या पर्समध्ये होती.

हिवाळ्यातला एक बुधवार. सकाळी साडेसहाला उठवायला गेले तर बाळू रग लपेटून बसलेला, डोळे लाल. पहाटे थंडी वाजली म्हणाला. ताप शंभराच्या वर. ड्रेसिंगच्या कडेनं जरासं लाल दिसत होतं. मी म्हटलं, आज सांगायचं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मांडीत नको गं ताई. मांडीत नळी घेऊन दुकानात स्टुलावर कसा बसू मी?" चार वर्षं बंद असलेल्या दुकानाची चावी त्यानं कुणाला दिली नव्हती. मी गोळी दिली. हो, मीच दिली. पाण्याचा तांब्यापण मीच धरला.

मी डबा भरत होते, तेवढ्यात त्यानं हाक मारली. "ताई, इकडं ये. हात लाव." डावा हात पुढे केलेला. मला वाटलं पुन्हा चेष्टा. बोटं ठेवली...

चालू होती.

दीड-पावणेदोन वर्षं बंद असलेल्या त्या जागी घरघर. नाडीसारखी ठोके देत नाही, सलग. माझ्याच बोटांतली नाडी असेल म्हणून मी हात बदलला. तीच. त्याच्या उजव्या मनगटाला लावून बघितलं, तिथे काही नाही. पुन्हा डावीकडे, चालू. मायला हाक मारली. तिनं हात ठेवला आणि तिचा चेहराच बदलला. "आगं बया... चालू झाली! बाळू, चालू झाली की रं!" डब्यातली साखर आणून तिनं आमच्या दोघांच्या तोंडात घातली. बाळू रडत होता आणि हसत होता.

ऑटोत बसल्यावर माझं डोकं भराभरा चालायला लागलं. फिस्टुला चालू झाला असेल तर नळीची गरजच काय? काढू देत! मी ठरवलं, गेल्या गेल्या तापाचंही सांगून टाकायचं, आणि गोळीचंही. कित्येक महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

युनिटमध्ये गजानन म्हणून टेक्निशियन होता, फार चांगला मुलगा, बाळूला भाऊ म्हणायचा. त्यानं हात लावला. दाबून बघितलं. "काही नाही मॅडम." स्टेथोस्कोप लावला. काही नाही. डॉक्टर राऊंडला आले, त्यांनी ते पेनासारखं डॉप्लरचं यंत्र मनगटावर फिरवलं. रक्त वाहत असेल तर त्यातून सूं सूं आवाज येतो. नुसती खरखर आली.

मी बाळूचा हात ओढून घेतला. माझ्या बोटांखाली ती तशीच चालू होती! "सर, आत्ता चालू आहे. इथे. तुम्ही इथे हात लावा ना!" माझा आवाज चढला असणार, कारण नऊच्या नऊ बेडवरचे लोक बघायला लागले. डॉक्टरांनी माझा हात हळूच बाजूला केला. "मॅडम, तुम्ही शिक्षिका ना? तुमच्यावर फार ताण आहे. होतं असं. बसा जरा."

वाईट काहीच बोलले नाहीत ते. पण माझे कान तापले. चारचौघांत मला असं समजावून सांगायची वेळ कुणावर कधी आली नव्हती. बाळू मान खाली घालून बेडवर आडवा झाला. सिस्टरनं थर्मामीटर लावलं, नॉर्मल. गोळीनं काम केलं होतं. "ताप-थंडी काही?" तिनं विचारलं. बाळूनं माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले.

मांडीच्या भीतीनं म्हणाले की आणखी एकदा वेडी ठरायच्या लाजेनं, हे मी रोज स्वतःला विचारते. दोन्ही असेल. लाज जास्त असेल.

मशीन सुरू होऊन तास झाला नसेल, बाळूला हुडहुडी भरली. साधी नाही. दात वाजत होते, लोखंडी बेड फरशीवर खडखडत होता. गजानननं मशीन थांबवलं. बीपी मोजता येईना. मग आयसीयू. मी गोळीचं सगळं सांगितलं, पण आता सांगून काय! नळी त्याच दिवशी काढली. मांडीत तात्पुरती दुसरी घातली. ज्याला भीत होतो ते सगळं एका दिवसात झालं. दुसऱ्या दिवशी तो थोडा शुद्धीवर होता. तोंडावरचा मास्क सरकवून म्हणाला, "मोटर बघ." मी बघितलं. औषधांवर बीपी कसंबसं सत्तर, आणि ती चालू. मी कुणाला बोलवलं नाही. "चालू आहे रे," एवढं म्हटलं. ते त्याचं माझं शेवटचं बोलणं. रविवारी सकाळी सात वाजता तो गेला.

दुपारी ॲम्ब्युलन्सनं किल्लारीला आणलं. अंगणात ठेवलं. गाव जमलं, भावकी जमली. माय त्याच्या डाव्या बाजूला बसली होती, मनगट धरून. आंघोळ घालायला माणसं पुढे झाली तर ती हात सोडेना.

"न्हेऊ नका. चालू हाय अजून."

चुलत्यांनी हात लावला. "वहिनी, काही न्हाई. आता सोडा." ती सोडेना. गावातल्या डॉक्टरांना बोलवलं. त्यांनी नीट तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारली, मान हलवली. माय म्हणाली, "तुमास्नी न्हाई कळत त्ये. हिला कळतंय. ही सायन्स शिकवती पोरांना. ये गं, तू सांग. हात लाव अन् सांग."

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. मी खाली बसले. हात थंडगार, लाकडासारखा ताठ झालेला. मी बोटं ठेवली.

चालू होती. बुधवारी होती तशीच. त्या थंड कातडीखाली, सलग, जराही कमी नाही. मी उजव्या मनगटाला हात लावला, काही नाही. पुन्हा डावीकडे आणला. चालू.

तो गेलेला होता, यात मला तसूभर शंका नव्हती. आयसीयूच्या पडद्यावरची सरळ रेघ मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. अंग ताठरलं होतं. मी 'चालू आहे' म्हटलं असतं तर मायनं त्याला कुणाला उचलू दिलं नसतं, आणि मग काय केलं असतं आम्ही? कुठे नेलं असतं?

"बंद आहे, माय," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग एकेक बोट सोडलं. "तू म्हंतीस तर आसंल," म्हणाली. माणसांनी त्याला उचललं.

नंतर मी माझ्या परीनं सगळं करून बघितलं. माझ्या हाताच्या नसा तपासून घेतल्या, लातूरला मानसोपचार तज्ज्ञांकडे जाऊन आले. त्यांचं म्हणणं, तिघांनाही तेच हवं होतं म्हणून तिघांनाही तेच जाणवलं. असेल. दुसऱ्या कुणी मला हे सांगितलं असतं तर मीही हेच उत्तर दिलं असतं. पण ते अंगणातलं मला नको होतं हो! बोटं ठेवताना मी मनातल्या मनात 'बंद असू दे, बंद असू दे' म्हणत होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाव्हणे गेल्यावर माय भांडी लावत होती. पाठमोरीच म्हणाली, "तवा तुझं तोंड दिसलं व्हतं मला. चालू व्हती न्हवं?"

खोटं बोलायचं त्राण माझ्यात राहिलं नव्हतं. "हो," म्हणाले.

तिनं मान हलवली आणि पातेली लावत राहिली. नांदेडला माझ्याकडे चल म्हटलं तर आली नाही. फोन केला की 'बरी हाय' म्हणते आणि ठेवून देते. ते काय होतं, कशामुळे होतं, मला विचारू नका, मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की आम्ही त्याला जाळलं तेव्हा ती चालू होती.