लाल सिग्नल आणि एक घंटी

समोरचा सिग्नल लाल होता आणि आमची बस हळू होत नव्हती.

बाभुळगावहून यवतमाळला येणारी सकाळची बस, उभ्या पॅसेंजरसकट भरलेली. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप. मार्केट यार्डाचा चौक काचेतून दिसायला लागला होता.

"रशीदभाई, लाल आहे," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"होते आता हिरवा, मॅडम." पाय ॲक्सिलरेटरवरच.

हा भरवसा त्यांना आम्हीच दिला होता.

मी ट्रॅफिक सिग्नल बसवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. त्या हंगामात कापसाला भाव नव्हता. यार्डातली खरेदी मध्येच बंद पडायची आणि ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर यायची. तिच्यामागे बस अडकायच्या. कॉलेजची मुलं, ऑफिसवाले, कोर्टाच्या तारखेला निघालेले, सगळेच उशिरा. म्हणून त्या चौकात आमची ट्रायल मंजूर झाली. तिचं नाव बस प्रायॉरिटी.

बसमध्ये जीपीएसचा एक डबा बसवतात. बस कुठे आहे हे तो मोबाइलच्या सिमवरून सारखा कळवत असतो. चौकातल्या पेटीत कंट्रोलर असतो, म्हणजे दिवे बदलणारं यंत्र. बस जवळ आली की तो आडव्या रस्त्याचा हिरवा आटोपता घेतो आणि बसला आधी सोडतो. डब्याचा निरोप आला नाही, तर तो नेहमीच्या क्रमाने चालतो. यात चूक काही नाही. असंच असायला हवं.

लॅपटॉपच्या नकाशावर आमची बस मागच्या पुलावर उभी होती. पूल तर आम्ही केव्हाच ओलांडला होता.

रेंज गेली होती. चौकाच्या हिशेबाने आम्ही अजून आलोच नव्हतो.

"भाई, रेंज गेलीय. हिरवा होणार नाही. ब्रेक मारा."

"रोज होते नं, मॅडम. तुमचंच तं मशीन हाय."

आडव्या रस्त्याने एक ट्रॅक्टर चौकात शिरला. त्याला हिरवा होता. ट्रॉलीत कापूस ठासून भरलेला आणि त्यावर बाजाराला निघालेल्या दोन बायका. त्यातली एक आमच्याकडेच बघत होती. निवांत. लाल सिग्नलला बस थांबते, एवढं तिला माहीत होतं.

ओरडायलाही वेळ नव्हता. मी लॅपटॉप सोडून दांडा धरला.

तेवढ्यात डोक्यावर घंटी वाजली. एकच.

बसमध्ये दोन घंट्या म्हणजे चला आणि एक म्हणजे थांबा. तिकिटं देत पुढे आलेल्या कंडक्टर संगीताताईंनी काचेतून पाहिलं आणि दोरी ओढली. माझं ऐकून न हललेला रशीदभाईंचा पाय त्या घंटीसरशी ब्रेकवर गेला. उभे पॅसेंजर एकमेकांवर आदळले. माझा लॅपटॉप गिअरपाशी जाऊन पडला. ट्रॉली काचेसमोरून इतक्या जवळून गेली, की वायपरला कापसाचा पुंजका अडकला.

संगीताताई म्हणाल्या, "काय भाऊ, लाल दिसनं बंद झालं का तुमाले?"

"मी मशीनच्या भरोशावर व्हतो, बाई."

"आन् एवढे लोकं तुमच्या भरोशावर हायत."

रशीदभाईंनी तोंड पुसलं. मी वाकून लॅपटॉप उचलला.

स्टँडवर उतरून मी नागपूरला आमच्या मॅनेजर साहेबांना फोन लावला.

"सर, ट्रायल थांबवा."

"ॲक्सिडेंट झाला?"

"नाही."

"यंत्र बिघडलं?"

"नाही. बरोबर चाललं."

"मग थांबवायचं काय? पुढच्या आठवड्यात मंजुरीची कमिटी बघायला येतेय."

"त्यांना बसमध्ये बसवा. ड्रायव्हरच्या मागे, माझ्या सीटवर."

साहेब म्हणाले, "उपाय सांगा."

उपाय डब्यातच होता. तो जागेबरोबर बसचा वेगही कळवतो. मी कंट्रोलरला एक अट घातली: चौकाजवळ बस हळू झाली, तरच तिला आधी सोडायचं. जोरात आली तर नाही. म्हणजे हिरवा हवा असेल तर आधी ब्रेक. रेंज गेली तरी बस हळूच असणार, थांबू शकणार.

"वेळ कमी वाचेल," साहेब म्हणाले.

"हो, कमी वाचेल."

ड्रायव्हर लोकांना नवा नियम समजावला. "म्हणजे आता सिग्नलच्या पाया पडाव लागते," रशीदभाई म्हणाले. सगळे हसले. मला हसू आलं नाही. कमिटीसोबत मी पुन्हा त्याच बसमध्ये बसले. पूल गेला, चौक आला, सिग्नल लाल. रशीदभाईंनी ब्रेकवर पाय ठेवला, बस हळू झाली, मग हिरवा झाला. तरीही त्यांनी दोन्हीकडे मान वळवून पाहिलं आणि मगच गिअर टाकला.

वाचलेला वेळ बघून कमिटी फारशी खूश झाली नाही. दुसऱ्या चौकांची मंजुरी मिळाली नाही. तो एक चौक तेवढा चालू राहिला.

आता नवीन प्रोजेक्ट आला, की सिग्नल किती वेळा हिरवा होईल हे सगळे विचारतात. मी विचारते, एखाद्या दिवशी झाला नाही तर ड्रायव्हर काय करेल? त्याने मीटिंग लांबते. लांबू दे.